वाहत्या रक्तातली पारख

एकदा एका प्रयोगशाळेत शाल्मली नावाची शिष्या आपल्या वृद्ध गुरूंसमोर रडवेली होऊन उभी राहिली. सुजलेल्या धमनीच्या भिंतीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी चिकटतात; त्या चिकटू नयेत म्हणून तिने एक औषध घडवलं होतं. धमनीच्या पेशींचा थर काचेच्या बशीत वाढवून तिने वर पांढऱ्या पेशी सोडल्या, तर औषध दिलेली आणि न दिलेली, दोन्ही बशा सारख्याच भरलेल्या!

"सर, उद्याच्या बैठकीत सांगते, औषध बंद करा. माझंच चुकलं असणार."

"बशी हलली होती का?"

"छे! टेबलाला धक्कासुद्धा लागू दिला नाही." खरंच, बाळ नुकतं झोपलेल्या घरात वावरावं तसं तिने सगळ्यांना चवड्यांवर चालायला लावलं होतं. (असल्या काळजीला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू!)

गुरू उठले आणि त्यांनी दोन्ही बशा टाकाऊच्या बाटलीत रित्या केल्या.

"अहो सर! हे काय केलंत?"

"ओतल्या. आता रड किंवा पंप लाव, एकच काहीतरी कर."

तसलेच ताजे थर त्यांनी काचेच्या दोन अरुंद पन्हाळींत बसवले; एकाला औषध दिलं, दुसऱ्याला नाही. पंपाने पांढऱ्या पेशी त्यांवरून रक्ताच्या ओघासारख्या धावू लागल्या.

"एवढ्या वेगात एक तरी टिकेल का?" पुटपुटत तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि ओरडलीच, "सर, घरंगळतायत! ही मंदावली... थांबली! अहो, ही दुसरीपण!"

"ही पन्हाळ औषधाविना. आता शेजारची बघ."

तिथे पेशी येत, जरा रेंगाळत आणि निघून जात. थर जवळजवळ मोकळाच राहिला. शाल्मलीला हसू आवरेना.

"मग बशीत का नाही दिसलं?"

"अगं, संथ पाण्यात जे ते तळाशी जाऊन बसतं. नुसतं बसलेलं कोण आणि धरून राहिलेलं कोण, हे ओढ लागल्याखेरीज ओळखू येत नाही. धमनीत रक्त थांबत नसतं. तू मात्र मायेपोटी ते थांबवलंस. पण एका प्रयोगावर नाचू नकोस. पुन्हा करून बघ."

तिने ताजे थर काढले. "उद्या बंद करा म्हणणार नाही सर," ती हळूच म्हणाली. "थोडा अवधी द्या, म्हणेन."

मुलाचं बोट सोडताना आपला हात थरथरतो. तो थरथरू द्यावा, पण बोट सोडावं.