भुरकीची लाल चिंधी आणि चुलीतली नवी शेगडी

डोंगरावर एक घर होतं. घराच्या भिंतीत विटांची मोठ्ठी चूल होती. चुलीवर उंचच उंच धुराडं. आणि चुलीशेजारी, विटांच्या फटीत, एक बीळ. बिळात कोण? भुरकी उंदरी! आणि तिची एवढुशी गुलाबी पिल्लं. बिचाऱ्यांचे अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते.

पिल्लांच्या पांघरुणाला एक लाल चिंधी होती. मऊ मऊ, लोकरीची. भुरकीने ती उन्हात टाकली. परत येऊन बघते तर काय? चिंधी गायब!

पिल्लं लागली कुडकुडायला. कुड कुड कुड! आणि चूल? चूल तर गारच. अहो, चुलीचा धूर हौसाक्कांच्या डोळ्यांत जायचा ना! घर त्यांचंच. म्हणून त्यांनी चुलीच्या पोटात बसवायला नवी शेगडी आणली. लोखंडाची. काचेच्या दाराची. ती बसली होती ओसरीवर, ऐटीत.

भुरकी निघाली. तुर तुर तुर तुर!

"हे काय बाई?" तिने काचेला नाक लावलं.

"हे माझं दार," शेगडी म्हणाली. "आग दिसते. ठिणगी मात्र बाहेर येत नाही."

"शेगडीबाई, शेगडीबाई, पेट ना! पिल्लं कुडकुडतात."

"मी नाही पेटणार! आधी मला चुलीत बसवा. रावजीमामा गवंड्याला सांग."

तुर तुर तुर तुर! रावजीमामा चुलीपाशी एक नळकांडं ठोकत होता. ठण ठण ठण!

"हे काय बाई?"

"हा धुराचा पाइप. शेगडीतून वर, धुराड्यातून बाहेर."

"रावजीमामा, रावजीमामा, शेगडी बसवा ना! पिल्लं कुडकुडतात. शेगडी पेटत नाही."

"मी नाही बसवणार! पाइप वर जातच नाही. लोहाराने जाडा केलाय, दुसरं काय! धुराड्याला सांग, वाट दे म्हणावं."

तुर तुर तुर तुर! भुरकी विटांवरून वर चढली. बाई बाई, काय तो अंधार! भिंतीला काळं काळं काहीतरी.

"हे काय बाई? आ... आक्‌छी!"

"ही काजळी. माझी पावडर!" धुराडं घोगऱ्या आवाजात म्हणालं.

"धुराडेदादा, धुराडेदादा, वाट दे ना! पिल्लं कुडकुडतात. शेगडी पेटत नाही. मामा बसवत नाही."

"मी नाही देणार! माझ्या घशात घरटं अडकलंय. बोलतासुद्धा येईना. साळुंकीला सांग."

तुर तुर तुर तुर! भुरकी आणखी वर गेली. तिथे काड्या, पिसं, कागद. सगळा पसारा! पसाऱ्यात साळुंकी.

"हे काय बाई?"

"हे माझं जुनं घरटं. पिल्लं गेली उडून. मीच येते अधूनमधून बसायला."

"साळुंकीताई, साळुंकीताई, घरटं काढ ना! पिल्लं कुडकुडतात. शेगडी पेटत नाही. मामा बसवत नाही. धुराडं वाट देत नाही."

"मी नाही काढणार! सुतळीत गुंतलंय गं. चोचीने तुटेना. पायाने सुटेना. बारीक बारीक, धारदार दात हवेत."

दात? भुरकी विचारात पडली. हौसाक्कांचे? छे, फार मोठे. रावजीमामाचे? त्याचे तर पडले! मग कुणाचे बरं? तुम्हाला कळलं? हो? भुरकीला नाही हं कळलं.

साळुंकी हसली. "अगं वेडाबाई, तुझे!"

"अगंबाई! माझेच की!"

कुर्र कुर्र कुर्र! सुतळी झाली बारीक. कुर्र कुर्र कुर्र! साळुंकीच्या पायाखाली काय दिसलं? लाल लाल, मऊ मऊ...

"माझी चिंधी!"

"तुझी होती?" साळुंकीने मान खाली घातली. "मऊ दिसली, उचलली. चुकलंच माझं."

कुर्र... तट्! सुतळी तुटली. साळुंकीने दिला एक धक्का. धप्प! घरटं थेट रावजीमामाच्या डोक्यावर.

हौसाक्का पोट धरून हसल्या. "अहो रावजीभाऊ, सकाळपासून लोहाराच्या नावाने खडे फोडताय. वर एकदा तरी डोकावलात का?"

"पाइपच बघत बसलो की!" रावजीमामा म्हणाला. पिसं झटकली आणि लागला कामाला.

साळुंकीने घरटं काढलं. मग धुराड्याने वाट दिली. मग मामाने शेगडी बसवली. मग शेगडी पेटली. धूर गेला वर, सूं सूं सूं! मामाने धुराड्याला पत्र्याची टोपी घातली. टोपीवर कोण बसलं? साळुंकी, पाय शेकत!

विटा झाल्या ऊन ऊन. बीळ झालं ऊन ऊन. भुरकीने चिंधी आणली, पिल्लं तीत शिरली. कुडकुड थांबली.

सगळ्यांत धाकट्या पिल्लाने हळूच एक डोळा उघडला. अगदी पहिल्यांदा. बिळाबाहेर काच चमकत होती. काचेत काहीतरी पिवळं पिवळं नाचत होतं.

"आई, हे काय बाई?"

पिल्लू विचारतंय, आई सांगतेय, आपली गोष्ट आता निजतेय.