कोंडाईचं पाणी

समोर कड्याच्या पायथ्याशी जी अरुंद कपार दिसते, तिच्यातून येणाऱ्या झऱ्याला आम्ही घोलवडीकर कोंडाईचं पाणी म्हणतो. पाहुणे आत डोकावतात, शेंदूर-बिंदूर दिसतो का बघतात आणि विचारतात, देवी कुठं आहे? देवी नाही. कोंडाई म्हणजे कोंडाबाई पिसाळ, याच गावची सून. बसा कट्ट्यावर, मीही टेकतो. हा चढ आता मला सोसत नाही. आजोबांनी सांगितलं तसं सांगतो.

कोंडाबाईचा नवरा मालोबा. त्याच्यासारखा ताकदीचा गडी या खोऱ्यात झाला नाही, असं सांगतात. तालमीतला गुंड, म्हणजे तो गोल दगड, दोघांना हलत नसे. मालोबा एकटा खांद्यावर घ्यायचा. त्यानं मारुतीपुढं नवस केला होता म्हणे, की बारा वर्षं एक दिवस न चुकता हजार बैठका आणि पाचशे जोर काढीन. नवस त्यानं पाळलाही. पण आकड्याच्या नादात बैठक अर्धीच व्हायला लागली. गुडघा थोडा वाकला की वर, थोडा वाकला की वर. मेहनत झाली की घोंगडी ओढून तसाच निजायचा. मांड्या खांबासारख्या झाल्या आणि खांबासारख्याच ताठ झाल्या.

तालमीचे वस्ताद हैबतराव. ते म्हणायचे, "मालोबा, मेहनतीनंतर अंग मोकळं करत जा. मल्लखांबाला लोंबकळ, पाय पसरून वाक. नुसतं बळ भरशील तर आखडशील."

मालोबा हसायचा. "वस्ताद, वाकायचं काम दुबळ्याचं."

वस्तादांनी पुढं बोलणं सोडलं. नवव्या वर्षी तर मालोबाला पायातली वहाण बसून घालता येईना. कोंडाबाई वाकून घालायची.

नवसाची बारा वर्षं पुरी झाली, त्याच फाल्गुनात कपारीच्या आत दरड कोसळली. एक मोठी शिळा झऱ्याच्या तोंडावर बसली आणि गावाचं पाणी बंद झालं. कपारीत एका वेळी एकच माणूस शिरतो. आतल्या वळणावर तर पुरं उकिडवं बसल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. पहार चालवायला जागा नाही. बारीक अंगाची माणसं आत गेली, त्यांना शिळा हलली नाही. मग सगळ्यांनी मालोबाकडं बघितलं.

मालोबा गेला आणि वळणावर अडकला. त्याला खाली बसताच येईना. कंबर लवेना, टाचा टेकेनात, हात पुढं जाईनात. शेवटी गावानं त्याला दोर लावून ओढून काढलं. पाठ सोलून निघाली होती. तो तसाच घरी गेला.

आता पाणी तीन कोसांवरच्या नदीवरून यायचं. आणणार कोण, तर बाया. पहाटे निघायच्या, उन्हं डोक्यावर आली की परतायच्या, घागर उतरवून पुन्हा निघायच्या. गुरं खंगली. दोन घरं गाव सोडून गेली. एकदा घागर उतरवताना कोंडाबाई भिंतीला टेकून राहिली आणि म्हणाली, "अवं, तुमचं बळ लई हाय. पर ते कुनाच्या कामाचं?"

रागानं नव्हती बोलली. दमली होती.

मालोबा त्याच दिवशी वस्तादांच्या दारात गेला. वस्ताद तेव्हा अंथरुणाला खिळलेले. "शिकवा," तो म्हणाला.

"गुंड सोडशील?"

"सोडतो."

"मग नको येऊस," वस्ताद म्हणाले. "आत गेल्यावर शिळा कोण उचलणार? बळ ठेवायचं. बैठक पुरी घालायची, टाच टेकवून, बूड टाचेला लावून. शंभरच घाल. आणि अंग तापलेलं असताना ताणायचं. झटका द्यायचा नाही. श्वास सोडत जायचं, अंग आपणहून देतं."

अंथरुणावरून वस्ताद सांगायचे आणि अंगणात मालोबा करायचा. दुसऱ्याला एका श्वासात जमतं ते त्याला दहा दिवसांत बोटभर जमलं. हजार बैठकांनी कधी न थकलेला गडी नुसता पाय पसरून बसण्यानं घामाघूम व्हायचा. महिना गेला. टाचा टेकायला लागल्या, कंबर लवायला लागली. पण कपारीच्या वळणावर वाकणं अजून वीतभर कमी पडत होतं.

चैत्र वद्य नवमीला कोंडाबाई चढावर घागरीसकट खाली बसली. बायांनी सावलीत घेतलं, पाणी पाजलं. ती उठली नाही.

तिला स्मशानात पोचवून आला, आणि त्याच संध्याकाळी मालोबा वस्तादांच्या अंगणात उभा. वस्तादांना रडू फुटलं. "आज नको रे बाबा."

"आज नको तर कधी, वस्ताद? उद्या दुसऱ्या कुनाची बाई पडंल."

आणि तो पाय पसरून बसला. त्या दिवशी त्याचं कपाळ पहिल्यांदा गुडघ्याला लागलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं, असं सांगतात. श्वासाचा होता की हुंदक्याचा, आवाज वस्तादांना ओळखता आला नाही.

पाचव्या दिवशी तो कपारीत शिरला. वळणावर उकिडवा बसला, टाचा टेकल्या, शिळेखाली दोन्ही हात गेले. बाहेर गाव उभं होतं. आधी दगड घासल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मग मातीतून गढूळ पाण्याची एक धार बाहेर आली. बाया खाली बसल्या आणि ओंजळी पुढं केल्या.

मालोबा बाहेर आला तेव्हा पाटलांनी फेटा पुढं केला. त्यानं घेतला नाही. "पान्याला तिचं नाव द्या," एवढंच म्हणाला. सत्तरी उलटली तरी तो गुंड उचलायचा म्हणे. पण बघायला लोक जमले की खाली ठेवून द्यायचा. आणि उचलल्यावर जितका वेळ उचलला, त्याच्या दुप्पट वेळ अंग ताणत बसायचा.

आमच्या तालमीत बैठक अर्धी राहिली तर मोजत नाहीत, आणि अंग मोकळं केल्याशिवाय कुणाला लंगोट सोडू देत नाहीत, ते तेव्हापासून. आता नळ आहेत, गावात टाकी आहे. तरी आजही चैत्र वद्य नवमीला तालीम बंद असते. सगळे पैलवान पहाटे नदीवर जातात आणि तीन कोस चालत घरोघरी पाणी आणतात. त्या दिवशी घोलवडीत कुठलीच बाई घागर उचलत नाही. बाया दारात बसून राहतात आणि दमून आलेल्या पोरांना वाकून घागर उतरवताना बघतात.