बारावी खुंटी

एका गावात फुटबॉलचा एक संघ होता आणि हरणं म्हणजे काय, हे तो पार विसरून गेला होता. नदीकाठचं गाव, मधोमध तालीम, तालमीमागे लाल मातीचं मैदान. आजूबाजूची बारा गावं दर उन्हाळ्यात चषकासाठी खेळायची, पण चषक सहा वर्षं याच तालमीच्या कोनाड्यात बसून होता. सातव्या वर्षीही तो कुठं गेला नाही.

संघाचे वस्ताद होते हिंदुराव. सत्तरी गाठलेला माणूस, गळ्यात कायम पितळी शिट्टी. त्यांनी तालमीत एक रीत घातली होती. भिंतीला अकरा खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एका खेळाडूची जर्सी. चषक जिंकला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जर्स्या नदीवर धुवून खुंट्यांना लागायच्या, आणि वस्ताद येऊन त्यातली एक उतरवायचे. ज्याची उतरली, त्याचं खेळणं तिथं थांबलं. त्याने ती स्वतःच्या हाताने एका नव्या पोराला द्यायची आणि वर्षभर त्या पोराला शिकवायचं. दर वर्षी एकच जर्सी, आणि तीही जिंकल्यावरच. हरलेल्या वर्षी खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही.

बाहेरगावच्या माणसाला हे सगळं उलटंच वाटायचं. तो विचारायचा, "वस्ताद, हरल्यावर माणूस बदलतात. तुम्ही जिंकल्यावर कसला बदलता?"

"हरल्यावर काढला तर लोक म्हणत्यात, ह्याच्यामुळं हरलो," वस्ताद सांगायचे. "जिंकल्यावर उतरवली तर तोच गडी फेटा बांधून घरी जातोय. आणि नवं पोरगं दहा जिंकणाऱ्यांच्यात उभं राहतंय, त्याला भ्या वाटत नाही."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. फार पूर्वी त्यांचा पहिला संघ नऊ वर्षं जिंकत राहिला. चांगलं चाललंय म्हणून वस्तादांनी कुणालाच हलवलं नाही. मग एका वर्षी सगळ्यांचेच गुडघे कुरकुरायला लागले, आणि बाकावरची पोरं तर एकही सामना कधी खेळली नव्हती. पुढची सात वर्षं चषकाचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून ही खुंट्यांची रीत.

तर सातव्या चषकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव तालमीत जमला. वस्ताद खुंट्यांपुढून सावकाश चालत गेले आणि नऊ नंबरपाशी थांबले. ती जर्सी सर्जेरावची. सर्जेराव म्हणजे संघाचा कप्तान, आदल्या दिवशीचे दोन्ही गोल त्याचेच. वस्तादांनी हात वर केला आणि नऊ नंबर उतरवला.

दारातून चहावाल्या सोनाक्का बोलल्या, "वस्ताद, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? सात वर्षं ह्या पोरानं गाव नाचवलाय."

सर्जेराव पुढे आला. वय एकतीस. "वस्ताद, मी काल दमलेला दिसलो का?"

"नाही. अजून दोन वर्षं झकास खेळशील."

"मग?"

"ती दोन वर्षं तुझ्या जागंला कोण तयार हुणार नाही. नंतर गावानं कुणाकडं बघायचं?"

सर्जेरावला ते पटलं आणि तरीही फार लागलं. सतराव्या वर्षापासून तो नऊ नंबर होता. नऊ नंबर काढून घेतला तर आपण कोण, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मनातलं तोंडातून निघून गेलं. "भिंतीवरच्या अकरा खुंट्या बरोबर मोजता, वस्ताद. तुमच्या गळ्यातली शिट्टी चाळीस वर्षं तिथंच हाय. ती कधी उतरायची?"

आता वस्ताद पेटणार, असं सगळ्यांना वाटलं. पण वस्तादांचा हात नकळत शिट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी भिंतीवरच्या खुंट्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "हातोडी आणा रं कुणीतरी."

अकराव्या खुंटीशेजारी त्यांनी आपल्या हाताने बारावी खुंटी ठोकली. गळ्यातली शिट्टी काढून तिला अडकवली. मग तीच उतरवून सर्जेरावच्या हातात दिली आणि नऊ नंबरची जर्सी त्याच्या खांद्यावर टाकली.

"अकरा जणांचं बघत बसलो आणि स्वतःचं इसरलो. आजपासनं वस्ताद तू. ही जर्सी कुणी घालायची, तेबी तूच ठरीव," एवढं बोलून ते सोनाक्कांच्या टपरीवर जाऊन बसले.

झालं, सर्जेरावची पंचाईत. कालपर्यंत दुसऱ्याच्या निर्णयावर रागावता येत होतं, आता निर्णयच त्याच्या हातात आला. आणि त्याने काय केलं? दुसऱ्या दिवशी तो गळ्यात शिट्टी आणि अंगात नऊ नंबर घालून मैदानात उतरला. कुणाची काही बोलायची छाती झाली नाही. दोन महिने तो पळतही होता आणि शिट्टीही वाजवत होता.

एके दिवशी सरावात त्याच्या बुटाची नाडी तुटली. नवी ओवेपर्यंत तो मैदानाबाहेर बसला आणि आपल्या जागी दस्तगीर नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराला पाठवलं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तो आपल्या संघाचा खेळ बाहेरून बघत होता.

बघता बघता त्याचा हात नाडीवरच थांबला. ज्याच्याकडे बॉल येई, तो मान वर करून आधी सर्जेरावला शोधत होता. सर्जेराव नाही म्हटल्यावर गडबडून बॉल कुठेही मारत होता. दस्तगीर मात्र जिवाच्या आकांताने पळत होता, दोघादोघांना आपल्यामागे ओढून नेत होता, आणि त्यामुळे डाव्या बाजूचा गडी संतू एकटा, मोकळा उभा राहत होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

"ही पोरं खेळत नव्हती," सर्जेराव स्वतःशीच म्हणाला. "ही मला शोधत होती."

त्याने नाडी तशीच सोडली, जर्सी काढली आणि दस्तगीरला हाक मारली. रीतीप्रमाणे ती स्वतःच्या हाताने त्याला दिली. उरलेलं सगळं वर्ष सर्जेरावने बाहेर उभं राहून एकच घोकून घेतलं, आधी मोकळा माणूस बघायचा, मग बॉल सोडायचा.

उन्हाळा आला. संघ अंतिम सामन्यात पोचला आणि मध्यंतराला एका गोलने मागे पडला. सर्जेरावने जर्सी दिली होती, तरी अडीअडचणीला म्हणून त्याचं नाव राखीव खेळाडूंत होतं आणि पायात बूटही होते. गावाने ओरडायला सुरुवात केली, "सर्जेराव, उतर!" सगळ्यांत वरचा आवाज सोनाक्कांचा होता.

दस्तगीर घामाघूम होऊन त्याच्यापुढे आला. त्याने जर्सी काढून हातात धरली होती. "वस्ताद, तुम्ही जावा. माझ्यानं होईना."

सर्जेरावला मोह झाला, खोटं कशाला सांगू. त्याच्या पायांना तर कधीपासूनच पळायचं होतं. त्याने मागे वळून हिंदुरावांकडे बघितलं. म्हातारा शेंगा सोलत होता आणि मुद्दामच दुसरीकडे बघत होता.

"घाल ती अंगात," सर्जेराव म्हणाला. "आज काढलीस तर भ्यालास म्हणून काढली असं हुईल. जिंकत राहा, तुझी पाळी आली की फेटा मी बांधीन. आता ऐक. दोघं तुझ्यामागं पळत्यात न्हवं? पळू दे. बॉल डावीकडं सोड."

दस्तगीरने दोनदा बॉल डावीकडे सोडला. पहिला संतूने जाळ्यात घातला. दुसऱ्यावर कॉर्नर मिळाला आणि मागच्या फळीतल्या एका उंच गड्याने डोक्याने गोल केला. दस्तगीरच्या नावावर एकही गोल नव्हता, तरी गावाने त्यालाच खांद्यावर घेतलं. आठव्या वर्षीही चषक कोनाड्यातच जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सर्जेरावने गोलकीपरची जर्सी उतरवली. मग गळ्यातली शिट्टी काढून संतूपुढे धरली. "आज सकाळचा सराव तू घे. संध्याकाळी मला परत दे. दर आठवड्याला एक दिवस तुझा."

हिंदुराव दारात उभे होते. बारावी खुंटी रिकामीच होती, पण शिट्टी आत्ताच दुसऱ्याच्या ओठांना लागली होती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही बघ," ते म्हणाले आणि सोनाक्कांना सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितलं.

तात्पर्य म्हणून गाठीला बांधायचं ते एवढंच: जागा जिंकलेल्या दिवशीच सोडावी, आणि दुसऱ्याची जर्सी उतरवण्याआधी आपली खुंटी भिंतीत ठोकून ठेवावी.