राणीचं कपाळ

"माका एक सांगा, तात्यानू... माझ्या तोंडात कमी काय आसा?"

तात्यांनी मान वर केली नाही. पडवीत बसून ते सुपारी कातरत होते. हात थरथरायचे, त्यामुळे खांडं वेडीवाकडी पडत होती.

समोर दिगंबर उभा होता. अंगावर हिरवं नऊवारी, तोंडाला पुरा रंग.

दशावतारात बाईचं काम पुरुष करतो आणि आपला रंग आपणच लावतो. कंपनीच्या आख्यानातली राणी चाळीस वर्षं तात्यांकडे होती. राजा रणात पडल्याची बातमी येते, राणी कुंकू पुसते आणि न रडता लहानग्या राजपुत्राला सिंहासनावर बसवते. आता तात्यांचे गुडघे गेले, हातही गेले. मालकांनी सांगून टाकलं होतं की तात्या ज्याला हो म्हणतील तो राणी.

दिगंबरला ते दोनदा नाही म्हणाले होते. उद्या देवळाची जत्रा, उद्याच खेळ, म्हणून स्वारी तिसऱ्यांदा आली होती, तीही रंगून. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा त्याचा हिशेब.

"एष्टीत बायकांनी उठान माका जागा दिल्यानी," दिगंबर म्हणाला. सांगताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"बोलली कोण?"

"म्हणजे?"

"तुझ्याशी बोलली कोण? खंय जातंस, खंयसून इलंस..."

"कोण बोलली नाय."

"बाईक बघून बायका गप रवतत?"

दिगंबरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन तास खपून त्याने तो चेहरा केला होता. जबडा बारीक दिसावा म्हणून कडेने तपकिरी छटा दिली होती, दाढीची निळसर झाक नारिंगी रंगाने मारून वर फाउंडेशन चढवलं होतं, मुंबईहून मागवलेल्या पापण्या चिकटवल्या होत्या. ओठ होते त्यापेक्षा भरलेले दिसत होते. कोणीही सांगावं, बाई आहे, आणि देखणी आहे.

"ह्या खंयच्या बाईचा तोंड?" तात्यांनी विचारलं.

"मोबाइलवर एक पोरगी शिकवता. तिचा बघून केलंय."

"तिका वळखतंस?"

"नाय."

"बस हय."

दिगंबर पाटावर बसला. तात्यांनी खोबरेलाची वाटी घेतली आणि जुन्या लुगड्याचा तुकडा त्यात बुडवला. आधी पापण्या काढल्या. मग गालांवरची तपकिरी छटा गेली, मग ओठ. हात कापत होता, तरी नको तिथे लागत नव्हता. दोन तासांची मेहनत फडक्यात उतरताना दिगंबरला अगदी रडकुंडीला आल्यासारखं झालं.

मग तात्यांनी तोंडाला सफेदा लावला, पातळसा. डोळ्यांत थोडं काजळ घातलं. कपाळावर मेणाचं बोट टेकवून त्यावर कुंकू चढवलं, रुपयाएवढं.

"बस इतक्याच?" दिगंबरने विचारलं.

"आता पूस."

"काय?"

"कुंकू. राणी पुसता तसा पूस."

हे दिगंबरला येत होतं. आरशासमोर त्याने ते शंभरदा केलं असेल. त्याने मान कलती केली, मनगट वळवलं, पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि ते कपाळावरून हलकेच ओढलं. डोळे नेमके त्याच वेळी मिटले. जत्रेत या जागेवर टाळी घ्यायची, असं त्याचं ठरलेलं होतं.

तात्यांनी कुंकवाचा करंडा जवळ ओढला.

"असा खंयची बाई पुसता?"

"मग कशी पुसता?"

"बाई पुसणा नाय रे झिला. दुसरे पुसतत."

त्यांनी पुन्हा मेण लावलं, पुन्हा कुंकू चढवलं. मग डाव्या हाताने दिगंबरची मान मागून घट्ट धरली आणि उजवा पंजा त्याच्या कपाळावरून जोराने फिरवला. पाटीवरचं अक्षर पुसावं, तसा. मान हलू दिली नाही. लाल रंग भुवईवरून कानापर्यंत फासला गेला.

दिगंबर दचकला. एवढ्या जोराची त्याने कल्पनाच केली नव्हती.

तात्यांनी हात लुगड्याच्या तुकड्याला पुसला.

"तुझो बापूस गेलो, तेव्हा तू खंय होतंस?"

"मुंबईक... खेळ होतो. माझो पयलोच मोठो खेळ."

"तुका कधी कळला?"

"दुसऱ्या दिशी. खेळ आटपल्यावर."

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाप सकाळी गेला, दुपारी चुलतभावाने अग्नी दिला, आणि मुलगा दोन दिवसांनी उगवला. लोकांनी कंपनीला शिव्या घातल्या. दिगंबरनेही घातल्या. मालकांनीच बातमी दाबून ठेवली, असं तो आजवर मानत आला होता.

"त्या दिशी सांजेक तू घराक फोन केलंस," तात्या म्हणाले.

दिगंबरने मान वर केली. खेळाआधी तो आईला फोन करायचाच. रंग लावण्याआधी तिचा आवाज ऐकायचा, अशी त्याची सवय होती.

"तुमका कसा ठावक?"

"त्या खेळाक राणी नव्हती. मी तुमच्या खळ्यात होतंय. बायकांनी दुपारीच तुझ्या आवशीचा कुंकू पुसल्यानी. बांगड्यांचे तुकडे अजून थंयच पडले होते... आणि फोन वाजलो."

दिगंबरने कपाळावरच्या फासलेल्या रंगाला हात लावला.

"चुलतो तुझो उठलो. म्हणालो, मी सांगतंय तेका. तिना हात आडवो केल्यान. म्हणाली, आता निघालो तरी बापूस काय बघूक गावाचो नाय. रडलो तर गळो बसात. गाणी कसो म्हणतलो?"

माडांच्या सावल्या पडवीसमोरच्या खळ्यात लांब झाल्या होत्या. कुठे तरी कोणी लाकूड फोडत होतं.

"मग फोन कोणी घेतल्यान?" तात्यांनी विचारलं.

"आवशीन."

"काय म्हणाली?"

दिगंबरला आठवायची गरज नव्हती. ती दर वेळी तेच म्हणायची.

"म्हणाली... बरो कर खेळ."

"आवाज कसो होतो?"

...

"दिगू, आवाज कसो होतो?"

"नेहमीसारखो."

तात्यांनी कोनाड्यातला आरसा काढला. पत्र्याच्या चौकटीचा, हातात धरायचा. चाळीस वर्षं त्यांनी त्यात बघून राणी केली होती. तो त्यांनी दिगंबरच्या तोंडासमोर धरला.

दिगंबरने बघितलं, आणि त्याला आरसा बाजूला सारावासा वाटला.

आरशात त्याची आई होती.

बाप गेल्यावर ती आठ महिने जगली. त्या आठ महिन्यांत दिगंबरने तिच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ते कपाळ त्याला बघवत नसे. जेवायला वाढताना ती समोर बसे, तेव्हा तो ताटात बघायचा. बोलताना तिच्या खांद्यावरून दाराच्या चौकटीकडे बघायचा. ती गेली, तेव्हाही तो पायांशी उभा होता, उशाशी गेला नाही. बाईचं तोंड शिकायला तो मोबाइलवर जगभर हिंडला आणि घरातलं तेवढं टाळलं.

आता ते टाळता येत नव्हतं. तोच रुंद जबडा होता. मघाशी त्याने रंगाखाली गाडला होता तोच. तीच जाड भुवई, तेच पातळ ओठ. कपाळ भुंडं आणि फासलेलं.

"आये..." तो म्हणाला.

तात्यांनी आरसा खाली केला नाही.

दिगंबरने पदराने तोंड झाकलं. मघाचा ताठा कुठल्या कुठे गेला होता. आपल्याला ही राणी झेपायची नाही, एवढंच त्याला कळत होतं, आणि ते कळल्याचं दुःख खरं होतं.

"माका नको ही राणी, तात्यानू. दुसऱ्या कोणाक तरी द्या. माझ्यान होवचा नाय."

"पदर काढ."

त्याने काढला. सफेद्यावर दोन ओघळ उतरले होते. तात्यांनी ते पुसले नाहीत. आरसा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"आता म्हण. बरो कर खेळ."

दिगंबरने नकारार्थी मान हलवली.

"म्हण. नेहमीच्या आवाजात."

त्याने आरशातल्या ओठांकडे बघून तोंड उघडलं.

"बरो क..."

पुढचं आलं नाही. आवाज मधेच फुटला, खांदे गदगदू लागले, आणि तो पाटावर दुमडून बसला.

त्याचे खांदे शांत झाले, तेव्हा तात्यांनी आरसा पुन्हा वर धरला.

"कुंकू पुसल्यावर तिका एकदाच म्हणाचा होता, झिला... तुका दर खेळाक. परत म्हण."