झिमीची पुरी शेपूट

एक होती खारोटी. तिचं नाव झिमी.
झिमी राहायची संगणकातल्या खेळात. झाडावर पळायची, शेंगा वेचायची. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपूट केवढी मोठी! झुपकेदार, नेहमी उभी.
तो खेळ खेळायची रेणूमावशी. मावशीने बटण दाबलं की झिमी पळायची.

एके दिवशी मावशीने नवा पडदा आणला. चांगला खिडकीएवढा. आणि भारी चपळ. आपण डोळा मिटून उघडतो ना, तेवढ्यात तो ढीगभर चित्रं दाखवायचा.
मावशीला झाली घाई. पडदा टेबलावर ठेवला. जुनीच वायर खोचली. खुट्ट. बटण दाबलं. टक्.

झिमी निघाली. तुरुतुरु, तुरु... चर्र!
चित्र मधोमध आडवं फाटलं. खालची झिमी गेली पुढे. शेपटीचा शेंडा राहिला मागे, हवेत लटकत.
झिमीने वळून पाहिलं. तिला रडू आलं. पण ती रडली नाही. ती म्हणाली, "अर्धी शेपूट मी घेणार नाही. पुरी घेईन."
आणि तिने पडद्याबाहेर उडी मारली. टप्प.

"पडदेदादा, पडदेदादा, थांब जरा.
माझी शेपूट जुळत नाही,
आणि मी काही सोडत नाही."
पडदा म्हणाला, "मी थांबणार नाही. चित्र पुरं झालं, की कार्डकाकांनी हाक द्यायची. ते हाक देत नाहीत. मग मी आपला मधेच चित्र बदलतो."

झिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
कार्डकाका बसले होते संगणकाच्या पेटीत. सगळी चित्रं तेच काढायचे. त्यांच्या अंगावर पंखा. घुर्र घुर्र.
"कार्डकाका, कार्डकाका, हाक द्या.
पडदा काही थांबत नाही,
माझी शेपूट जुळत नाही,
आणि मी काही सोडत नाही."
कार्डकाका म्हणाले, "मी हाक देणार नाही. देऊन उपयोग काय? जुनी वायर हाक नेत नाही."

झिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
जुनी वायर होती टेबलामागे. बारीक, वाकडी, धुळीने माखलेली.
"वायरआजी, वायरआजी, हाक ने.
कार्ड हाक देत नाही,
पडदा काही थांबत नाही,
माझी शेपूट जुळत नाही,
आणि मी काही सोडत नाही."
वायरआजी म्हणाली, "मी चित्रंच कशीबशी ओढते गं. हाक कुठून नेऊ? नवी वायर येऊ दे, मग मी सुटते. तोवर सुटणार नाही."

झिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
कोपऱ्यात होता पडद्याचा मोठा खोका. खोक्याच्या तळाशी होती एक डबी, पुठ्ठ्याची. आणि डबीत होती नवी वायर.
"वायरताई, वायरताई, बाहेर ये.
जुनी वायर सुटत नाही,
कार्ड हाक देत नाही,
पडदा काही थांबत नाही,
माझी शेपूट जुळत नाही,
आणि मी काही सोडत नाही."
आतून आवाज आला, "मी निघणार नाही. निघू कशी? डबी उघडत नाही."

झिमीने डबीवर टकटक केलं.
"डबीबाई, डबीबाई, उघड बघू.
नवी वायर निघत नाही,
जुनी वायर सुटत नाही,
कार्ड हाक देत नाही,
पडदा काही थांबत नाही,
माझी शेपूट जुळत नाही,
आणि मी काही सोडत नाही."
डबी म्हणाली, "मी उघडणार नाही. माझ्यावर बघ केवढी चिकटपट्टी. मावशी ती कापत नाही."

झिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. थेट मावशीच्या मांडीवर. टप्प.
"मावशी, मावशी, पट्टी काप.
डबी काही उघडत नाही,
नवी वायर निघत नाही,
जुनी वायर सुटत नाही,
कार्ड हाक देत नाही,
पडदा काही थांबत नाही,
माझी शेपूट जुळत नाही,
आणि मी काही सोडत नाही."

मावशी हसली. म्हणाली, "एवढासा तर शेंडा. चालतंय की. कुणाला दिसतंय?"
झिमी म्हणाली, "मला दिसतंय."

मावशीने ऐकलं नाही. आधी खेळू, मग बघू, असं म्हणाली. झिमी गेली पडद्यात. आणि मधोमध बसली. हाताची घडी घालून.
मावशीने बटण दाबलं. टक्. झिमी हलली नाही.
टक् टक् टक्. झिमी हलली नाही.
मावशीने शेंगांचं आमिष दाखवलं. मावशी रागावली. मावशी रुसली. झिमी हलली नाही.
"शेपूट पुरी, तर पळणं पुरं," झिमी म्हणाली.

मग मावशी वाकली. पडद्याला नाक लावून तिने नीट पाहिलं. इकडे एवढीशी झिमी. तिकडे तिचा एकटा शेंडा.
मावशी उठली. कात्री घेऊन आली.

मावशीने पट्टी कापली. कच्च.
डबी उघडली. फट्ट.
नवी वायर निघाली. सुळ्ळ.
जुनी वायर सुटली. खुट्ट.
नवी बसली तिच्या जागी. टक्क.
कार्डाने हाक दिली. कूऊऊ.
झिमी उठली. निघाली. तुरुतुरु, तुरु... चर्र!
पुन्हा शेंडा मागे.

झिमी पुन्हा बसली. हाताची घडी घालून.
"पडदेदादा, हाक आली की. आता का थांबत नाहीस?"
पडदा म्हणाला, "हाक ऐकायची, असं मला कुणी सांगितलंय?"
मावशीने डोक्याला हात लावला. पडद्याखाली हात घातला. तिथे होतं छोटं बटण. टिक्. टिक्. टिक्. पडद्यावर अक्षरं उमटली, 'चित्र पुरं होईपर्यंत थांबू?'
मावशी म्हणाली, "थांब रे बाबा. आमची झिमी ऐकायची नाही."
टिक्.

मग पडदा थांबला. हाक आली, चित्र दाखवलं. हाक आली, चित्र दाखवलं. एकही चित्र अर्धं नाही.
आणि शेंडा आला सर्रकन. चिकटला शेपटीला. टुप्प.

झिमीने शेपूट हलवून पाहिली. इकडे. तिकडे. मावशीने विचारलं, "आता पळशील ना?"
"पुरी आहे," झिमी म्हणाली. "आता पळते."

तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.
झिमी गेली झाडाआड, गोष्ट गेली पडद्याआड.