उंटापुढचे प्यादे

एका तळ्याच्या दोन काठांवर कोळ्यांची दोन गावे होती. मधल्या खोल पाण्यात मासळी भरपूर. वर्षभर तिथे जाळी कोणी टाकायची, हे दोन्ही गावे बुद्धिबळाच्या एका डावाने ठरवीत. धुक्याच्या सकाळी तळ्याच्या मधोमध दोन होड्या एकमेकींना बांधत आणि त्यांवर पट मांडत. सोंगट्या कच्च्या मातीच्या. मारलेली सोंगटी मारणाऱ्याने पाण्यात सोडायची, अशी रीत होती.

अलीकडच्या गावाचा येसाजी मोठा धाडसी गडी. सुरुवातीलाच राजाशेजारच्या उंटापुढचे प्यादे तो समोरच्याच्या तोंडी देई आणि हल्ला चढवी. भोवती होड्यांतून डाव बघणारे लोक वाहवा करत. वाहवा ऐकली की येसाजी हरभऱ्याच्या झाडावर चढलाच म्हणून समजा.

त्या वर्षी पलीकडून तान्हाई नावाची म्हातारी खेळायला बसली. येसाजीने आपले ते प्यादे दिले. तान्हाईने ते मारून अलगद पाण्यात सोडले. ते विरघळत, धूसर होत खाली गेले. धुक्यातल्या कुठल्याशा होडीतून आवाज आला, "वाहवा, येसाजी." त्याने दुसरे प्यादे दिले, मग घोडाही. तळ्याने सगळे पोटात घेतले.

तान्हाईच्याही बऱ्याच सोंगट्या पाण्यात गेल्या, पण हळूहळू हल्ला थंडावला. तान्हाई म्हणाली, "लेका, दोघांचंबी बळ सरलंय. बरोबरी करू. पाणी निम्मं निम्मं."

येसाजीला मनातून पटले होते. पण धुके गप्प होते. बरोबरीला वाहवा कोण म्हणणार?

"मी मागं सरत नाय, आजी," असे म्हणून त्याने हत्ती पुढे ढकलला. पुन्हा वाहवा झाली.

तान्हाईने वजीर तिरका सरकवला आणि शह दिला. येसाजीने आपल्या राजाकडे पाहिले. उंटापुढचे घर रिकामे होते. तिथे ते प्यादे असते, तर वजिराची वाट तिथेच अडली असती. राजाला हलायला जागा नव्हती, मध्ये घालायला सोंगटीही नव्हती. मात झाली.

धुके विरले तेव्हा भोवतीच्या होड्या निघून गेल्या होत्या. येसाजीला होडीतून घरी नेताना त्याची बायको सगुणा वल्हे मारता मारता म्हणाली, "पयलं प्यादं कशापायी दिलंत?"

येसाजीने पाण्यात हात घातला. हाताला नुसते पाणीच लागले.

"लोकांना आवडतं म्हून," तो म्हणाला, आणि त्याला रडू आले. ते वर्षभर त्याच्या गावची जाळी काठावर कोरडीच राहिली.

तात्पर्य: वाहवेसाठी जवळचे उधळणे म्हणजे धाडस नव्हे; डाव हरला की वाहवा करणारे निघून जातात, आणि रिकामे घर आपल्यालाच पाहावे लागते.