शेवरीने बीळ बुजवलं

फार पूर्वी, खाडीकाठच्या चिखलात कुर्लीबाई नावाची खेकडी राहायची. सदा तिच्या मागेमागे असणारी तिची लेक शेवरी एके दिवशी बिळात शिरली आणि तिने बिळाचं तोंड चिखलाने बुजवून घेतलं.

“बाहेर ये गं! काय झालंय?”

“काही नाही. एकटीला राहू दे मला!”

कुर्लीबाईचा पारा चढला. ती नांगीने चिखल उकरायला लागली. आत जुनं कवच उतरवून, लोण्यासारखी मऊ झालेली पोर अंग चोरून बसली होती. नांगी लागली असती तर सोलूनच निघाली असती! आपणही कधीकाळी असंच बीळ बुजवलं होतं, हे आईला आत्ता आठवलं. तिने गुपचूप चिखल परत लिंपला आणि बिळाला पाठ लावून बसली.

भरती आली, ओहोटी आली, ती हलली नाही. मग बगळा तिच्यावर झेपावला. तोच मागचा चिखल फुटला. नवंकोरं टणक कवच ल्यालेली, आईपेक्षा थोराड शेवरी बाहेर आली आणि तिने बगळ्याचा पाय असा चिमटला, की तो बोंबलत पळाला.

आई बघतच राहिली.

“अशी काय बघतेस?” शेवरी म्हणाली. “भूक लागलीय मला!”

कुर्लीबाई दोन्ही नांग्या उंचावून खाडीभर ओरडली, “ऐकलंत का गं शेजारणींनो? माझी लेक पुन्हा माझ्याशी बोलली!”